चोर बॉयलरमध्ये, फाशी कंडेन्सरला

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देतोय ते कळेल. तुम्ही डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि कोळशावरच्या वीज केंद्रातल्या २१० मेगावॉटच्या एका संचावर उन्हाळी प्रशिक्षण करताय. तिथे तुम्हाला सांगितलं, की कोळशातल्या १०० भाग उष्णतेची जेमतेम ३५ भाग वीज होते आणि जवळजवळ निम्मी उष्णता कंडेन्सरमधून, म्हणजे टर्बाइनमधून आलेल्या वाफेचं थंड करून पाणी करणाऱ्या भांड्यातून, कूलिंग टॉवरवाटे हवेत जाते. तुम्ही विचारलंत : मग वाफेचं पाणी करायचंच कशाला? टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ तशीच कॉम्प्रेसरने दाबून बॉयलरमध्ये परत का घालत नाहीत? पाणी करताना जी सुप्त उष्णता घालवतो, तीच पुन्हा कोळसा जाळून भरायची, हा कुठला शहाणपणा? त्यावर सरांनी ‘सेकंड लॉ’, म्हणजे थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम, एवढंच म्हटलं आणि पुढच्या मशीनकडे निघाले.

सरांना फार दोष देऊ नका. टर्बाइन फ्लोअरवरच्या त्या आवाजात थर्मोडायनॅमिक्स शिकवणं कठीणच. पण ‘सेकंड लॉ’ हे उत्तर नव्हे, ते उत्तराचं नाव आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा हाच प्रश्न आमच्या शिफ्ट इंचार्जना विचारला होता. त्यांनी ड्रॉवरमधून स्टीम टेबलचं, म्हणजे वाफेच्या गुणधर्मांच्या तक्त्यांचं, कळकट पुस्तक काढून माझ्यासमोर टाकलं आणि म्हणाले, “कर हिशेब. उद्या सांग किती मेगावॉट वाचवलेस.” रात्रपाळीत बसून केला. तोच हिशेब तुम्हाला करून दाखवतो, कारण नियम पाठ करण्यापेक्षा एकदा आकड्यांत आपटलेलं जास्त लक्षात राहतं.

कंडेन्सरमध्ये दाब साधारण ०.१ बार असतो, म्हणजे वातावरणाच्या एक दशांश. त्या दाबाला वाफेचं तापमान ४६ अंशांच्या आसपास असतं. एक किलो वाफ तिथे सुमारे १४ घनमीटर जागा व्यापते, म्हणजे आठ बाय आठची एक लहान खोली. हीच एक किलो वाफ पाणी झाली की एका लिटरच्या बाटलीत मावते. ही बाटली ०.१ बारवरून १५० बारपर्यंत दाबायला किती काम लागतं? आकारमान गुणिले दाबातला फरक : सुमारे १५ किलोज्यूल. पंपाची कार्यक्षमता, व्हॉल्व्हमधला दाबाचा तोटा वगैरे धरून त्याच्या दुप्पट म्हणा. तुमच्या संचावरचे बॉयलर फीड पंप बघून या. सहा-सात मेगावॉट खातात आणि २१० मेगावॉटचा संच चालवतात. पाणी दाबणं इतकं स्वस्त आहे.

आता बाटलीऐवजी ती खोली दाबायची आहे. टर्बाइनमध्ये एक किलो वाफ १५० बारवरून ०.१ बारपर्यंत उतरली, तेव्हा तिने रीहीट (मध्येच बॉयलरमध्ये नेऊन पुन्हा तापवणं) धरून साधारण १,३०० ते १,४०० किलोज्यूल काम दिलं. टर्बाइन अगदी आदर्श असेल, कुठे घर्षण नाही, गळती नाही, तर तीच वाफ आल्या वाटेने परत वर चढवायला बरोबर तेवढंच काम लागेल. जेवढं मिळालं तेवढं परत दिलं, हाती शून्य. आणि खरा टर्बाइन नि खरा कॉम्प्रेसर दोन्ही आपापला वाटा खाणार, म्हणजे संच चालवायला ग्रिडमधून वीज घ्यावी लागेल. सकाळी मी इंचार्जना सांगितलं, “साहेब, मेगावॉट उणे आले.” ते हसले नाहीत. म्हणाले, “आता पुढचं विचार.”

पुढचं म्हणजे पळवाटा. त्या तुमच्याही डोक्यात येतीलच, म्हणून आधीच घेतो.

पहिली पळवाट : एका दमात दाबू नये, टप्प्याटप्प्याने दाबावी आणि मध्ये थंड करावी. एअर कॉम्प्रेसरला इंटरकूलर असतो तसं. खरंच, कोरडी वाफ एका दमात दाबत गेलात तर १५० बारला पोचेपर्यंत तिचं तापमान हजार अंशांच्या पुढे जातं आणि कॉम्प्रेसर वितळायची वेळ येते. मध्ये थंड केली की काम कमी लागतं, हेही खरं. पण थंड करणं म्हणजे काय? उष्णता बाहेर काढणं. तुम्ही कंडेन्सर हाकलला आणि त्यालाच दुसऱ्या नावाने, दहापट महाग करून परत आणला.

दुसरी पळवाट जरा हुशार आहे. वाफेचं पाणी होऊ द्यावं, पण कंडेन्सरने टाकलेली उष्णता हीट पंपाने उचलून पुन्हा बॉयलरच्या तापमानाला न्यावी. फ्रीज हेच करतो ना, थंडीतून उचलून गरमीत टाकतो? करतो, पण वीज खाऊन. आणि ४५ अंशांवरून ३६५ अंशांपर्यंत चढवायला किती वीज लागेल याचा आदर्श हिशेब केला, तर ती बरोबर तेवढीच निघते जेवढी त्या इंजिनाने मिळवून दिली होती. कुठूनही फिरा, गाडी त्याच स्टेशनवर येते. एखादी युक्ती फसली तर युक्ती वाईट म्हणता येईल. सगळ्याच युक्त्या नेमक्या शून्यावर येऊन फसतात, म्हणजे मामला युक्तीचा नाही.

हे सर्वांत आधी सादी कार्नो या फ्रेंच लष्करी इंजिनिअरने ओळखलं. १८२४ साली, अठ्ठाविसाव्या वर्षी. पुढे आठ वर्षांनी तो कॉलऱ्याने गेला आणि त्या छोट्याशा पुस्तकाकडे हयातीत कुणी फारसं पाहिलं नाही. त्याने इंजिनाची तुलना पडणाऱ्या पाण्याशी केली होती. ती तुलना आपल्याला कोयनेवर करता येते.

शिवसागर जलाशय भरला की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ६५९ मीटर असते. ते पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला जातं, पोफळीला पडतं, टर्बाइन फिरवतं. वीज किती मिळेल ते दोन पातळ्यांतल्या फरकावर ठरतं. पाणी खाली जाऊच द्यायचं नाही असं कुणी ठरवलं तर टर्बाइन फिरणार नाही. खाली गेलेलं पाणी ‘वाया गेलं’ म्हणून पंपाने परत वर चढवायचं म्हटलं, तर मिळालेली सगळी वीज त्यातच जाईल. तुमचा कॉम्प्रेसर हा तो पंप आहे.

आता हीच उंची तापमानात मोजा, पण सेल्सिअसमध्ये नाही, केल्विनमध्ये. समुद्रसपाटी म्हणजे निरपेक्ष शून्य, उणे २७३ अंश. तुमच्या संचात वाफ ५३५ अंशांची असते हे खरं, पण सगळी उष्णता काही त्या तापमानाला आत जात नाही. पाणी बॉयलरमध्ये २४० - २४५ अंशांना शिरतं, तिथून तापत, उकळत, सुपरहीट होत वर जातं. सरासरी काढली तर उष्णता सुमारे ३६५ अंशांना, म्हणजे ६३८ केल्विनला घेतली जाते. योगायोग बघा, शिवसागराच्या पातळीच्या जवळचाच आकडा आला. पण खालचं टोक? कोयनेचं पाणी थेट कोकणात उतरतं. आपल्याला मात्र ३१८ मीटरवरच थांबावं लागतं, कारण कंडेन्सर ४५ अंशांचा, म्हणजे ३१८ केल्विनचा. त्याहून खालची दरी या पृथ्वीवर आपल्याला फुकट मिळत नाही. हवा आणि नदी दोन्ही ३०० केल्विनच्या आसपास. ६३८ पैकी ३२० चा उतार मिळाला, म्हणजे निम्मा. आदर्श यंत्रातसुद्धा ५० टक्के.

इथे कार्नोची एक चूक दुरुस्त करायला हवी, नाहीतर तुम्हीही त्यात अडकाल. त्याला वाटत होतं, की जेवढं पाणी वरून निघतं तेवढंच खाली पोचतं, तशी उष्णताही तेवढीच खाली पोचते. तसं नसतं. खाली कमी उष्णता पोचते, मधली कामात गेलेली असते. मग न बदलता खाली पोचतं ते काय? ते क्लॉसिअस या जर्मन शास्त्रज्ञाने शोधलं आणि १८६५ साली त्याला एंट्रॉपी असं नाव दिलं. नावाला घाबरू नका, हिशेब तिसरीतला आहे. ६३८ किलोज्यूल उष्णता ६३८ केल्विनला आत घेतलीत, की भागाकार करून १ एंट्रॉपी आत आली. यंत्र फेरी पूर्ण करून जसंच्या तसं मूळ जागी यायला हवं, म्हणजे ती १ एंट्रॉपी कुठेतरी टाकायलाच हवी, नाहीतर यंत्रात साठत जाईल. ती नष्ट करता येत नाही. शाफ्टवरून बाहेर देता येत नाही, कारण फिरणाऱ्या शाफ्टबरोबर एंट्रॉपी जातच नाही. उरला एकच दरवाजा, उष्णतेसोबत बाहेर. आणि ३१८ केल्विनला १ एंट्रॉपी बाहेर टाकायची तर तिच्यासोबत कमीत कमी ३१८ किलोज्यूल उष्णता द्यावी लागते. राहिले ३२०. तेवढंच तुमचं काम.

म्हणून कंडेन्सरमधून जाणारी उष्णता ही गळती नव्हे. गळती बुजवता येते. हे त्या एंट्रॉपीचं गाडीभाडं आहे, आणि ते नाकारलं तर यंत्र पहिल्याच फेरीनंतर उभं राहील. जुन्या वाफेच्या रेल्वे इंजिनाला कंडेन्सर नव्हता, हे तुम्ही म्हणालच. नव्हता, पण ते वाफ सरळ हवेत सोडायचं, १०० अंशांना. सगळं आकाश हाच त्याचा कंडेन्सर. फरक एवढाच, की ४५ ऐवजी १०० अंशांना टाकल्यामुळे त्याने उतार गमावला. त्याची कार्यक्षमता दहा टक्क्यांच्याही आत राहायची, त्याचं हे एक कारण.

इथवर आलात तर मूळ प्रश्न संपला. पण मला त्यातलं खरं दुखणं वेगळं वाटतं. तुम्ही ‘निम्मी उष्णता वाया’ हे ऐकून संतापलात आणि संताप कंडेन्सरवर काढलात. संताप योग्य आहे, माणूस चुकला. चोर सोडून संन्याशाला फाशी.

बघा, कोळशात १०० भाग ऊर्जा आहे. कोळशाच्या रासायनिक ऊर्जेची काम करण्याची ऐपत जवळपास पुरी १०० धरतात. बॉयलरची कार्यक्षमता ८७ टक्के, म्हणजे ८७ भाग वाफेत गेले, १३ चिमणीतून वगैरे गेले. कागदावर बॉयलर उत्तम, शाबासकीला पात्र. आता या ८७ भागांची ऐपत मोजा. उष्णता सरासरी ६३८ केल्विनची, बाहेर हवा ३० अंशांची म्हणजे ३०३ केल्विन. अशा उष्णतेतून फार तर ५२ - ५३ टक्के काम निघू शकतं. ८७ चे ५२.५ टक्के म्हणजे सुमारे ४६. कोळसा १०० ऐपतीचा होता, बॉयलरमधून बाहेर पडताना ४६ उरली. चोपन्न गेली, आणि त्यातली फार तर १३ चिमणीच्या नावावर. बाकीची कुठल्याच मीटरवर दिसत नाही. भट्टीत ज्योत बाराशे-तेराशे अंशांची, आणि तिची उष्णता आपण सरासरी ३६५ अंशांच्या पाणी-वाफेत ओतली. एवढ्या उंचीवरून पाणी पडलं आणि मध्ये टर्बाइनच नाही.

आता संन्याशाकडे या. कंडेन्सरमधून सुमारे ५० भाग उष्णता जाते, पण ती ४५ अंशांची. बाहेर ३० अंश असताना तिची ऐपत किती? पंधरा अंशांचा उतार, ३१८ वर : पावणेपाच टक्के. पन्नासचे पावणेपाच टक्के म्हणजे जेमतेम अडीच. शंभरातले अडीच! तेही सगळे परत मिळणार नाहीत, कारण उष्णता आरपार जायलाही काही अंशांचा फरक लागतोच. तासाला २७,००० घनमीटर पाणी आठ-नऊ अंशांनी तापतं आणि टॉवरवर जातं. ढीग प्रचंड आहे, पण कोमट आहे. दहा हजार बादल्या कोमट पाण्यात एक अंडं उकडत नाही.

ऊर्जेचा ताळेबंद आणि ऐपतीचा ताळेबंद यात एवढी तफावत असते. पहिल्यात बॉयलर साव आणि कंडेन्सर चोर, दुसऱ्यात उलट. पुस्तकात याला एक्सर्जी म्हणतात. परीक्षेत पाच मार्कांना येते, म्हणून मुलं तो धडा सोडतात. पुढे प्लँटवर वर्षानुवर्षं चुकीच्या जागी पैसे घालणारे इंजिनिअर मी पाहिलेत, आणि ते धडा सोडणाऱ्यांतलेच असावेत असा माझा संशय आहे.

याचं एक उदाहरण मी अगदी जवळून पाहिलं. निवृत्तीनंतर काही हंगाम साखर कारखान्यांची एनर्जी ऑडिट करत होतो. एका कारखान्यात गाळप जोरात, गव्हाणीवर बैलगाड्यांची नि ट्रॅक्टरांची रांग. बॉयलर ६७ किलो (म्हणजे जवळपास तेवढेच बार) दाबाचा, टर्बाइन बॅकप्रेशरचा : वाफ त्यातून वीज करून अडीच बारला बाहेर पडायची आणि रस आटवायला जायची. टर्बाइन हॉलच्या मागच्या भिंतीपाशी पोचलो तर कानठळ्या बसवणारी शिट्टी. तिथे पीआरडीएस होतं, म्हणजे जास्त दाबाची वाफ व्हॉल्व्हमध्ये चेपून, वर पाणी मारून, थेट अडीच बारवर आणणारी जोडणी. टर्बाइन लहान पडत होता, म्हणून तासाला साधारण २० टन वाफ टर्बाइन चुकवून या वाटेने रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरला जात होती. मी चीफ इंजिनिअरना विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, “साहेब, इन्शुलेशन बघा, हात लावून बघा. एक कॅलरीसुद्धा बाहेर जात नाही. जेवढी उष्णता आत, तेवढी रसाला.”

आणि ते शंभर टक्के खरं बोलत होते. व्हॉल्व्हमध्ये वाफ चेपली तर तिची एन्थाल्पी, म्हणजे ढोबळमानाने तिच्यातली एकूण उष्णता, तीच राहते. पहिल्या नियमाच्या, म्हणजे ऊर्जा नष्ट होत नाही या नियमाच्या, वहीत तोटा शून्य. पण तीच वाफ टर्बाइनमधून उतरली असती तर प्रत्येक किलोमागे ६०० किलोज्यूलच्या वर काम देऊन गेली असती आणि रस आटवायलाही पुरून उरली असती. २० टनांचा हिशेब केला तर साडेतीन मेगावॉटच्या आसपास येतो. ती शिट्टी म्हणजे साडेतीन मेगावॉट रात्रंदिवस मरत होते त्याचा आवाज. आम्ही चहाच्या टपरीवर पाकिटाच्या पाठीवर आकडे मांडले, तेव्हा चीफसाहेब बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे उष्णता गेली नाही, उतार गेला.” इतकी नेमकी व्याख्या मी कुठल्याही पुस्तकात वाचलेली नाही.

आता ‘हे परिस्थितीवर अवलंबून आहे’ म्हणायची जागा आली. कंडेन्सर अटळ आहे असं मी म्हणालो, ते विजेखेरीज काहीच नको असेल तर. साखर कारखान्याला सव्वाशे अंशांची उष्णता हवीच असते. तिथे इव्हॅपोरेटर हाच कंडेन्सर होतो आणि इंधनातली बहुतेक उष्णता कामी येते. हे फुकट पडत नाही, बरं का. वाफ ०.१ बारऐवजी अडीच बारला सोडली, म्हणजे किलोमागे साधारण ३५० ते ४०० किलोज्यूल वीज सोडून दिली. बदल्यात २,२०० किलोज्यूल सुप्त उष्णता रसाला मिळाली. सौदा चांगला आहे, पण सौदा आहे. कोपनहेगनसारख्या शहरांत वीज केंद्रांची उष्णता नळांतून घरोघर जाते, तिथेही हेच : घरं गरम करायला पाणी ८० - १०० अंशांचं हवं, म्हणून थोडी वीज सोडावी लागते. चंद्रपूर-कोराडीला मे महिन्यात कुणाच्या दारात गरम पाणी घेऊन गेलात तर काय होईल ते सांगायला नको.

दुसरी परिस्थिती वरच्या टोकाची. चोर बॉयलरमध्ये आहे हे कळलं, तर उपाय वरचं तापमान वाढवणं. कोराडीच्या ६६० मेगावॉटच्या सुपरक्रिटिकल संचांमध्ये तेच केलंय : दाब आणि तापमान दोन्ही वर नेलं. पण पाइपाचं पोलाद ६०० अंशांच्या आसपास हळूहळू ताणलं जायला लागतं, आणि तिथे थर्मोडायनॅमिक्स संपून धातुशास्त्र सुरू होतं. मग दुसरी तोड : ज्योत आणि वाफ यांच्यामधल्या त्या मोकळ्या कड्यावर आणखी एक टर्बाइन बसवायचा. उरणच्या गॅस केंद्रात तेच आहे. गॅस टर्बाइन पेटलेल्या वायूवर थेट चालतो, आणि त्यातून पाचशे अंशांच्या आसपास बाहेर पडणाऱ्या धुरावर वाफ करून दुसरा टर्बाइन चालवतात. कोयनेचंच पुन्हा सांगायचं तर पोफळीतून बाहेर पडलेलं पाणी कोळकेवाडीला अडवून पुन्हा एकदा पाडतात, तसं. जगातली उत्तम कंबाइंड सायकल केंद्रं यामुळे ६० टक्क्यांच्या पुढे गेलीत. कंडेन्सर त्यांनाही आहेच.

आणि तिसरी गोष्ट, तुमच्या कॉम्प्रेसरची. कल्पना टाकाऊ नाही, जागा चुकली होती. दुधाची पावडर करणाऱ्या प्लँटमध्ये दूध आटवताना निघणारी वाफ कॉम्प्रेसरने थोडीशीच दाबतात. तापमान पाच-दहा अंशांनी चढतं, आणि तीच वाफ त्याच दुधाला पुन्हा उकळवते. सुप्त उष्णता गोल गोल फिरत राहते. ती इतकी स्वस्तात का फिरते? कारण चढण पाच-दहा अंशांचीच आहे. तुम्ही चढण तीनशे अंशांची घेतलीत. आणि दूध आटवणं म्हणजे इंजिन नव्हे, तिथे कुणाला शाफ्टवर काम नकोय.

कंडेन्सर संन्यासी आहे म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष करा, असा मात्र अर्थ काढू नका. खालची पातळी जेवढी खाली ठेवाल तेवढा उतार जास्त. ढोबळमानाने, कंडेन्सरमधलं व्हॅक्यूम पाऱ्याच्या १० मिलिमीटरने घसरलं तर २१० च्या संचावर कोळसा एक टक्का जास्त जातो. दिवसाला साडेतीन हजार टन जाळणाऱ्या संचाला तो ३५ टन. आमच्या संचावर एकदा व्हॅक्यूम दिवसेंदिवस घसरत होतं. ट्यूब साफ, पंप ठीक, आत शिरलेली हवा बाहेर ओढणारा इजेक्टर ठीक. शेवटी हवा कुठून आत शिरतेय ते शोधायला आम्ही दाढीच्या क्रीमचा फेस घेऊन एलपी (कमी दाबाच्या) टर्बाइनभोवतीचा एकेक जोड माखत हिंडलो. आत व्हॅक्यूम असतं, त्यामुळे गळतीच्या जागी फेस आत ओढला जातो. दोन शिफ्ट गेल्या. एका गेज लाइनच्या नटापाशी पांढऱ्या फेसात टाचणीएवढा खड्डा पडला. नट आवळला, व्हॅक्यूम परत वर.

आणखी एक. तुम्हाला वाटेल मे महिन्यात ४६ अंश उन्हात व्हॅक्यूम सर्वांत वाईट असणार. विदर्भात तसं होतंच असं नाही. टॉवर थंड करतो तो बाष्पीभवनाने, आणि हवा कोरडी असेल तर तो झकास चालतो. घरचा कूलर आठवा : मे महिन्यात गार वारा देतो आणि जूनमध्ये पावसाआधीच्या दमट उकाड्यात नुसता ओला होतो. जे दिवस कूलरचे वाईट, तेच टॉवरचे वाईट. कंट्रोल रूममध्ये बसून बाहेर ढग आलेत हे आम्हाला व्हॅक्यूमच्या काट्यावरून कळायचं.

प्रशिक्षण अजून संपलं नसेल, तर दोन कामं करा. एक, स्टीम टेबल घ्या आणि वरचा पंप नि कॉम्प्रेसरचा हिशेब स्वतः करा, माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. तुमच्या संचाचा दाब थोडा वेगळा असेल, उत्तर थोडं हलेल. दोन, बॉयलरच्या पीप होलमधून निळ्या काचेने ज्योत बघा आणि लगेच कंट्रोल रूममध्ये जाऊन मेन स्टीमचं तापमान वाचा. त्या चोपन्न भागांतला मोठा वाटा या दोन जागांच्या मधे जातो. पीप होलपाशी जाताना ऑपरेटरला सोबत घ्या आणि समोर उभं न राहता बाजूने डोकवा. भट्टीचा दाब क्षणभर जरी वर गेला तरी तिथून ज्वाळा बाहेर येते, आणि माझ्या उजव्या भुवईचा अर्धा भाग तेव्हापासून नीट उगवलेला नाही.